ओळख चुकलेले रक्षक : ल्युपस या आजाराची उकल

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून एखादा ऐतिहासिक विषय येईल, अशीच त्यांची अपेक्षा असणार. आम्ही मात्र या वेळी वैद्यकशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकीत आहोत. हा आमच्या अधिकाराचा विषय नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही तो निवडण्याचे धाडस केले, ते एका मातेने आम्हांला विचारलेल्या प्रश्नामुळे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगार कुटुंबातील एक मुलगी नववीच्या वर्गात आमच्याकडे होती. दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जात आणि मुलगी वसतिगृहात राही. त्या वर्षी आश्विनाच्या उन्हात तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या उंचवट्यावर लाल चट्टे उमटले. ऊन लागले असेल, असे आम्ही म्हणालो. ती कवायतीला टाळाटाळ करू लागली, सकाळी बोटे मिटत नाहीत म्हणू लागली. हा आळस आहे, असे आम्हीच म्हणालो आणि तिला चार शब्द सुनावले. भोजनगृहात काही मुलींनी आपली ताटे तिच्यापासून दूर सरकवली. कोणीतरी ‘महारोग’ हा शब्द उच्चारला होता. समतेच्या विचारावर उभ्या असलेल्या संस्थेत एका लेकीचे ताट वेगळे पडले आणि ते आमच्या ध्यानात यायला आठवडा लागला, हे लिहिताना आजही आमची मान खाली जाते.

पुढे सुटीत घरी गेल्यावर अंगारे-धुपारे झाले. तिचे पाय सुजले, डोळ्यांखाली सूज आली. एका डॉक्टरांनी लघवी तपासली, तेव्हा तीत प्रथिने जात असल्याचे आढळले. त्यानंतर रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळाले, ल्युपस. तोवर तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. उपचारांनी ती सावरली, दहावीही उत्तीर्ण झाली. परंतु वाया गेलेले ते महिने कोणी परत आणून देणार नव्हते. तिची आई आम्हांला म्हणाली, “सर, रगत तर लेकराचं सोताचंच हाय, मग ते तिलाच का खातंय?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे डॉक्टरांकडून समजावून घेतले, मिळेल ते वाचले. त्या माउलीच्या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांस उमगले, ते येथे मांडीत आहोत.

नावाचा आणि शोधाचा इतिहास

‘ल्युपस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील काही व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात, म्हणून मध्ययुगीन युरोपात हे नाव रूढ झाले. एकाच नावाखाली अनेक वेगवेगळे आजार त्या काळी गोळा झाले होते. त्यांपैकी ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ म्हणजे त्वचेचा क्षयरोग. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी तो एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी बरा करून दाखविला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्या ल्युपसला मात्र सूर्यप्रकाशाने अपाय होतो. नाव एक, आजार दोन, आणि एकाचे औषध ते दुसऱ्याचे निमित्त! नावावरून निदान करणे किती धोक्याचे असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१८७२ साली व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मॉरिट्झ कापोसी यांनी दाखवून दिले की, हा ल्युपस केवळ कातडीचा आजार नाही. ताप, सांधेदुखी यांसह तो सर्व शरीराला व्यापू शकतो. पण तो का होतो, हे कोडेच राहिले. त्यात विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल अर्लिक या थोर जर्मन शास्त्रज्ञाचे एक मत आडवे आले. शरीर स्वतःविरुद्ध विष वापरण्यास कचरते, असे त्यांनी मांडले होते. स्वतःला इजा होऊ नये म्हणून शरीरात काही प्रतिबंधक व्यवस्था असली पाहिजे, हा त्यांचा मूळ आशय. अनुयायांनी मात्र त्याचा अर्थ ‘शरीर स्वतःविरुद्ध लढूच शकत नाही’ असा केला आणि पुढची कित्येक दशके विरुद्ध पुराव्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. थोरांचा शब्द आहे म्हणून तो प्रमाण मानू नये, पारखून घ्यावा, ही तथागतांची शिकवण आपल्या शाळेतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. विज्ञानाच्या इतिहासातही ती विसरली गेली, की काय घडते, ते येथे दिसते.

कोंडी फुटली ती १९४८ साली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपस रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र दृश्य दिसले. पांढऱ्या पेशीने दुसऱ्या एका पेशीचे केंद्रक जणू गिळून टाकले होते. तिला ‘एल. ई. पेशी’ असे नाव मिळाले. १९५७ च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतील संशोधकांना याचे कारण सापडले. रुग्णांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच पेशीकेंद्रकाविरुद्ध, प्रत्यक्ष डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे होती. प्रतिपिंड म्हणजे दवाखान्यात ज्याला अँटीबॉडी म्हणतात ते. शत्रूला चिकटून त्याच्यावर खूण करणारे प्रथिन. येथे ती खूण घरच्याच माणसावर केली जात होती.

आपले कोण, परके कोण?

ही चूक समजण्यासाठी आधी शरीर आपपर भाव कसे शिकते, हे पाहिले पाहिजे. त्याचे एक सुंदर उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एका नव्या रक्तगटाचा शोध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. बहुतेक सर्व माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. ओ गटाच्या रक्तावर तर तो विपुल असतो. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये तो मुळीच नसतो. त्यामुळे त्यांच्या रक्तात एचविरुद्धच प्रतिपिंडे असतात आणि सर्वांना चालते असे समजले जाणारे ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही.

याचा अर्थ असा की, कोणताही पदार्थ जात्याच ‘आपला’ किंवा ‘परका’ नसतो. तुमच्या आमच्या शरीराला एच आपला वाटतो, कारण जन्मापासून तो येथे आहे. ज्या शरीराला त्याची ओळखच नाही, त्याला तो परका वाटतो. आपलेपण हे शिकलेले असते.

हे शिक्षण कोठे होते? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिला टी पेशींची पाठशाळा म्हणता येईल. स्वतःच्याच शरीराशी जोराने भिडणाऱ्या पेशी तेथेच बाद केल्या जातात. तरीही काही निसटतात. त्यांना बाहेर आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचा शोध जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली लावला. त्यांना व अमेरिकेच्या मेरी ब्रुनको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच विषयातील कार्याबद्दल २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. या संशोधनाचे सार असे, की निरोगी माणसाच्या शरीरातही स्वतःविरुद्ध उठू शकणाऱ्या पेशी असतात. त्यांना सतत शांत ठेवले जाते, म्हणून आपण निरोगी असतो. शास्त्रज्ञ या अवस्थेला सहिष्णुता म्हणतात. ल्युपस म्हणजे या सहिष्णुतेचा भंग.

साचलेला कचरा आणि चुकलेला इशारा

मग ही सहिष्णुता भंग का पावते? गेल्या काही दशकांतील संशोधनातून एक साखळी हळूहळू स्पष्ट होत गेली आहे.

साखळीची पहिली कडी सफाईची. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. हा मृत्यू शिस्तबद्ध असतो. पेशी फुटण्याआधीच भक्षक पेशी तिला उचलून नेतात. या कामी रक्तातील ‘पूरक प्रथिने’ मदत करतात. त्यांतील ‘सी-वन-क्यू’ हे प्रथिन मेलेल्या पेशींना चिकटून ‘हे उचला’ अशी खूण करते. ज्या थोड्या व्यक्ती जन्मतःच या प्रथिनाविना असतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्युपस किंवा तत्सम आजार होतो. सफाईचे काम थांबले, तर सर्वांत सुरक्षित वाटणारी व्यवस्थाही कोलमडते. शरीरात सफाई करणाऱ्यांचे स्थान खालचे नाही, ही गोष्ट समाजाने शरीराकडून शिकण्यासारखी आहे.

दुसरी कडी धोक्याच्या इशाऱ्याची. न उचललेल्या पेशी फुटतात आणि आतील डीएनए व आरएनए बाहेर पडतात. आपल्या पेशींत विषाणूंचा आरएनए ओळखणारा ‘टीएलआर-सात’ आणि डीएनए ओळखणारा ‘टीएलआर-नऊ’ असे दोन पहारेकरी असतात. विषाणू आला, की त्यांनी हाळी द्यायची. परंतु येथे त्यांच्यासमोर येतो तो स्वतःच्याच पेशींचा मलबा, आणि ते त्यालाच विषाणू समजून हाळी देतात. ती हाळी म्हणजे इंटरफेरॉन हे रसायन. विषाणू संसर्गात ते काही दिवस वाढते आणि मग ओसरते. ल्युपसमध्ये मात्र न आलेल्या शत्रूसाठी ही हाळी थांबतच नाही. रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन वाढलेले असते, हे १९७९ मध्ये दिसले होते. त्याच्या प्रभावाखाली जागी झालेली जनुके बहुसंख्य रुग्णांत एकाच वेळी कार्यरत असतात, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. न संपणारा थकवा आणि बारीक ताप यांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. त्या मुलीच्या ‘आळसा’चेही.

तिसरी कडी प्रतिपिंडांची. या अखंड हाळीने बी पेशी चेतवल्या जातात, टी पेशी त्यांना साथ देतात आणि डीएनए व अन्य केंद्रकीय घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. ती त्या घटकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. हे पुंजके रक्ताबरोबर फिरत मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांत अडकतात. काही प्रतिपिंडे तेथेच थेटही चिकटतात. तेथे पूरक प्रथिने जमतात, दाह होतो, गाळणी फाटते आणि प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. म्हणूनच डॉक्टर रक्तातील ‘सी-थ्री’ आणि ‘सी-फोर’ या पूरक प्रथिनांचे प्रमाण तपासतात. ती आतील लढाईत खर्ची पडत असल्याने रक्तात कमी दिसतात.

यातील प्रत्येक कडी पुढच्या कडीला बळ देते. मूत्रपिंडात मेलेल्या पेशींचा नवा मलबा साचतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. उन्हाचा संबंधही येथेच कळतो. अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात, मलबा वाढतो आणि आजार उसळतो. गालांवर व नाकावर, फुलपाखराने पंख पसरावेत तसे चट्टे उमटतात, कारण सर्वाधिक ऊन तेथेच पडते. रोग बाहेरून चेहऱ्यावर बसलेला नसतो, आतल्या गोंधळाची ती केवळ बाहेर दिसणारी खूण असते. त्याचा महारोगाशी काही संबंध नाही. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही.

स्त्रियांनाच अधिक का?

ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो तरुण वयात गाठतो. याचे खापर आपल्याकडे मुलीच्या नशिबावर, पायगुणावर किंवा मागच्या जन्मावर फोडले जाते. विज्ञान वेगळे सांगते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्राची जोडी असते, पुरुषात एकच. जोडीतील एक गुणसूत्र बंद ठेवले जाते, पण ते पुरते बंद होत नाही. मघाशी ज्याचा उल्लेख केला तो टीएलआर-सात पहारेकरी याच एक्स गुणसूत्रावरील जनुकातून बनतो आणि काही पेशींत त्याच्या दोन्ही प्रती जाग्या राहतात. २०२२ साली एका स्पॅनिश मुलीच्या आजारामागे याच जनुकातील एकच बदल असल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, तोच बदल उंदरात घडवल्यावर उंदरालाही ल्युपससारखा आजार झाला. २०२४ साली असेही दिसले, की एक्स बंद करणाऱ्या ‘झिस्ट’ या आरएनएभोवती जी प्रथिने जमतात, त्यांच्याविरुद्धही स्वप्रतिपिंडे बनू शकतात. संप्रेरकांचाही वाटा आहेच. या साऱ्यात पापपुण्याला कोठेही जागा नाही.

या ठिकाणी आम्हां आंबेडकरी माणसांच्या मनात एक तुलना उभी राहिल्याशिवाय राहत नाही. आपल्याच माणसांना परके ठरवून त्यांच्यावर खूण करणारी व्यवस्था आम्ही समाजात पाहिली आहे. परंतु ही तुलना एका मर्यादेपुढे ताणू नये. पेशीला हेतू नसतो, द्वेष नसतो, ती चुकते. जातिव्यवस्था माणसांनी जाणूनबुजून बांधली आणि राखली. म्हणून आजारी शरीराला दोष देणे अन्यायाचे आहे, आणि समाजाला ‘हा निसर्गच आहे’ म्हणून दोषमुक्त करणे तितकेच अन्यायाचे.

महाराष्ट्रातील काम

बॉम्बे रक्तगटाचा शोध लागला त्याच परळच्या केईएम रुग्णालयाच्या परिसरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. रक्तगटाच्या शोधातील एक सहकारी डॉ. एच. एम. भाटिया यांनी पुढे या संस्थेची धुरा वाहिली. याच संस्थेतील संशोधकांनी केईएमच्या संधिवात विभागातील डॉक्टरांसमवेत पश्चिम भारतातील ल्युपस रुग्णांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या रक्तात कोणती स्वप्रतिपिंडे आहेत, मूत्रपिंडे बाधित झालेल्यांत कोणती अधिक दिसतात, पूरक प्रथिने किती उरली आहेत, पुंजके उचलण्याच्या कामी येणाऱ्या जनुकांत कोणते भेद आहेत, अशा प्रश्नांचा तो शोध आहे. परदेशातील आकडे आपल्या लेकींना जसेच्या तसे लागू पडतील असे नाही, म्हणून या कामाचे मोल मोठे.

कर्जत तालुक्यातून भीमा ओलांडली, की भिगवण लागते. तेथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याच्या कार्यक्रमात घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची संधिवाताविषयी पाहणी केली. सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचा वा स्नायूंचा त्रास आढळला. कष्टकऱ्यांचे दुखणे ‘कामाने अंग दुखणारच’ म्हणून सोडून द्यायचे नसते, मोजायचे असते, हा त्या पाहणीचा आमच्या दृष्टीने मोठा धडा. ल्युपस त्या मानाने विरळा आहे. दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागातील १९९३ च्या पाहणीत तो लाखात सुमारे तीन इतका आढळला होता. पण विरळा म्हणूनच तो ओळखला जात नाही.

उपचारांची वाटचाल

१९४९ साली संधिवातावर कॉर्टिसोनचा गुण दिसला आणि लवकरच स्टेरॉइड औषधे ल्युपससाठीही वापरात आली. अनेक जीव त्यांनी वाचवले. पण दीर्घकाळ मोठी मात्रा घेतली, तर हाडे, साखर, रक्तदाब यांवर परिणाम होतो. म्हणून डॉक्टर ती शक्य तितकी कमी करतात. त्यांच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही मूळची मलेरियावरची गोळी असते. पेशीच्या ज्या कप्प्यात टीएलआर-सात आणि नऊ हे पहारेकरी बसतात, तेथील आम्लता कमी करून ती त्यांची हाळी मंदावते. २०२० साली करोनावरील उपाय म्हणून या गोळीवर झुंबड उडाली आणि जिथे तिची खरी गरज होती, त्या ल्युपस रुग्णांना ती मिळेनाशी झाली. करोनावर तिचा उपयोग नाही, हे त्याच वर्षी मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. अफवेची किंमत आजाऱ्याने चुकवली.

मूत्रपिंडे बाधित असतील, तर मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाईडसारखी औषधे लागतात. आजाराची यंत्रणा उलगडत गेली, तशी नेमक्या जागी काम करणारी औषधेही आली. बी पेशींचे पोषण तोडणारे बेलिमुमॅब २०११ साली अमेरिकेत मान्य झाले, तर इंटरफेरॉनची हाळी अडविणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब २०२१ साली. जर्मनीतील एर्लांगेन येथे तर २०२१ साली एका वीस वर्षांच्या रुग्ण मुलीच्या स्वतःच्याच टी पेशी काढून, त्यांना बी पेशी नष्ट करण्याचे नवे शिक्षण देऊन, पुन्हा तिच्या शरीरात सोडण्यात आल्या. ‘कार-टी’ नावाच्या या उपचाराने बरे वाटलेल्या आठ ल्युपस रुग्णांची हकीकत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या कामातून घडलेल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये काही रक्तकर्करोगांसाठी मान्यता मिळाली आहे. ल्युपससाठी हा मार्ग अजून चाचणीच्या अवस्थेत आहे. त्याच्या भरवशावर आजची गोळी थांबवणे म्हणजे आत्मघात होय.

आपण काय करावे?

अमेरिकी सैन्याने जवानांच्या रक्ताचे जुने नमुने जपून ठेवले होते. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे ते नमुने तपासले, तेव्हा ८८ टक्के व्यक्तींच्या रक्तात निदानाच्या आधीच, काहींच्या तर नऊ वर्षे आधी, स्वप्रतिपिंडे सापडली. इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरखान्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. येथे तर रक्ताच्याच दप्तरखान्याने साक्ष दिली. हा आजार एका रात्रीत येत नाही, ओळखायला वेळ देतो. तो वेळ आपण गमावतो.

ओळखण्यासाठी मोठी विद्या लागतेच असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील गरीब, बहुतांशी निरक्षर, अनेक दलित स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. महारोगाचा डाग न भिता ओळखायचा आणि रुग्णाला गावात, घरात ठेवूनच बरे करायचे, हे त्या बायकांनी करून दाखवले. जे त्यांना जमले, ते वसतिगृह असलेल्या शाळेला जमू नये काय?

म्हणून शिक्षक, अधीक्षिका आणि पालक यांना आमची विनंती आहे. उन्हाने वाढणारे गालावरचे चट्टे, सकाळी आखडणारी बोटे, सहसा न दुखणारे तोंडातले व्रण, मूठ मूठ गळणारे केस, कारण न सापडणारा ताप आणि थकवा, पायांवर व डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर मुलीला बोल न लावता डॉक्टरांकडे न्यावे. लघवीची साधी तपासणी आणि रक्ताची मोजणी यांपासून सुरुवात होते. पुढे गरजेप्रमाणे ‘एएनए’, डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि सी-थ्री, सी-फोर तपासतात. केवळ एएनएचा अहवाल सकारात्मक आला म्हणून घाबरू नये, निरोगी माणसांतही तो तसा येतो. निदान झाल्यावर गोळ्या मनाने बंद करू नयेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यावेत. उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी किंवा ओढणी असावी. अशी मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते. आजार शांत असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने संसार आणि मातृत्वही तिला नाकारलेले नाही. तिला लपवून ठेवण्याचे काहीही कारण नाही.

त्या घटनेनंतर आमच्या वसतिगृहात एक नियम झाला. अंगावर चट्टा दिसलेल्या कोणत्याही मुलीला त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचे, आणि तोवर तिच्या शेजारी बसून एका शिक्षकाने जेवायचे. नियम साधा आहे, पण त्यामुळे ताटे सरकणे थांबले.

त्या माउलीला आता आम्ही एवढे सांगू शकतो: बाई, तुमच्या लेकीच्या रक्तात पाप नाही आणि विषही नाही. तिचे रक्षक आपल्यांना ओळखायला चुकले, आणि त्यांची चूक आम्ही वेळेवर ओळखली नाही. पहिल्या चुकीवर शास्त्रज्ञ परळपासून एर्लांगेनपर्यंत काम करीत आहेत. दुसरी चूक दुरुस्त करणे आमच्या हाती आहे.